पानशेतच्या वरच्या अंगाला

पुण्यात ‘पानशेत’ म्हटलं की लोकांना पूर आठवतो. आमच्याकडं ‘पानशेत’ म्हटलं की धरण आठवतं. पुणेकराचं पानशेत १२ जुलै १९६१ च्या सकाळी सुरू होतं आणि घरातला चिखल उपसून झाला, कर्ज फिटलं, की संपतं. आमचं त्याच्या आधी तीन-चार वर्षं सुरू झालं होतं आणि अजून सातबाऱ्यावर चालू आहे. त्या दिवशी मी चौदा वर्षांचा होतो आणि सदाशिव पेठेत होतो. माझे आई-बाप धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, एका छपरात होते. त्या पाण्याची दोन्ही टोकं ज्यांच्या घरात आहेत अशी माणसं फार नसतील, म्हणून हे लिहून ठेवतो.

२०११ साली पुराला पन्नास वर्षं झाली. पुण्याच्या पेपरांतून पानंच्या पानं आठवणी आल्या. लकडी पुलावरून पाणी कसं गेलं, कोण माडीवर अडकलं, कुणाची बाळंतीण कशी वाचली. सगळ्या खऱ्या. मी स्वतः त्यातल्या काही डोळ्यांनी बघितलेल्या. पण धरणाच्या आत ज्यांची गावं होती त्यांतल्या एकाचीही आठवण माझ्या वाचनात आली नाही.

आमचं गाव आंबी नदीच्या काठाला, वेल्ह्याच्या मुलखात. नाव मुद्दाम सांगत नाही. नकाशावर तिथं आता निळा रंग आहे. तीस-पस्तीस उंबरा असेल. नदीकाठाला भाताची खाचरं, वर डोंगराच्या उताराला नाचणी आणि वरई. उन्हाळ्यात राब भाजायचा, मिरगाला रोपं टाकायची आणि आषाढात डोक्यावर इरलं घेऊन चिखलात लावणी करायची. आंबेमोहोर पिकायचा, पण तो पुण्याला विकायला. आम्ही खायचो नाचणीची भाकर. पुण्याशी आमचं नातं दोन गोष्टींचं, तांदूळ पाठवायचा आणि माणसं पाठवायची. घरटी एक तरी माणूस पुण्यात असायचाच. कुणी मंडईत हमाल, कुणी वाड्यात गडी, कुणी हॉटेलात कपबशा विसळायला.

माझा मामा नारायण पेठेत नदीच्या अंगाला एका छापखान्यात मशीनवर होता. राहायला सदाशिव पेठेत, नागनाथ पाराजवळच्या एका वाड्यात, जिन्याखालच्या दीड खोलीत. पोरगं शिकलं पाहिजे म्हणून पाचवीला त्यानं मला आणलं. वाड्यातली पोरं मला ‘मावळ्या’ म्हणायची. चिडवायला म्हणायची, पण शिवाजी महाराजांच्या गोष्टी ऐकलेल्या असल्यामुळं मला ते बरंच वाटायचं.

धरणाची सुरुवात आम्हाला पहिल्यांदा कळली ती मोजणीवाल्यांच्या साखळीनं. आमच्या खाचरात खुणेचा दगड पुरला तेव्हा बाला वाटलं सडक होणार. सडक होणार म्हणून त्यांना ताक दिलं. मग समजलं की नदीवर मातीचं धरण बांधायचंय, पुण्याला पाणी प्यायला आणि खाली दौंड-इंदापूरकडं कालव्यानं शेतीला. काम सुरू झालं तसा रोजगार आला. बानं दोन उन्हाळे त्या धरणावर माती वाहिली. गावातल्या बायकासुद्धा पाटी घेऊन जायच्या. आपलं घर बुडवायला आपण माती टाकतोय हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं. पण रोजच्या रोज मजुरी मिळत होती, आणि धरण काय आपण नाही गेलो म्हणून थांबणार नव्हतं.

मोबदल्याचे पैसे हप्त्या-हप्त्यानं आले. त्यात एक म्हैस झाली आणि थोरल्या बहिणीचं लगीन झालं, संपले. जमिनीला जमीन द्यायचा कायदा तेव्हा नव्हता. तो महाराष्ट्रात झाला १९७६ साली. दौंडाकडं जमिनी देणार असं नुसतं बोललं जायचं. दौंड कुठं, कसं, आमच्यातल्या कुणी बघितलेलं नव्हतं.

१९६१ च्या उन्हाळ्यात गाव खाली करायला सांगितलं. लोकांनी दारं, चौकटी, वासे काढले आणि डोंगराच्या अंगाला वर छपरं घातली. देव हलवला. पण दोन-चार घरं खालीच राहिली. त्यांचं म्हणणं, एवढं पाणी पहिल्या साली चढत नसतं. मी मे महिन्याच्या सुट्टीत गेलो होतो. आमच्या घराच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या आणि आईनं त्यासुद्धा शेणानं सारवून ठेवल्या होत्या. का सारवल्या हे मी विचारलं नाही.

त्या साली पाऊस फार झाला. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या नुकत्याच पुण्यातून पुढं गेल्या होत्या, त्यासुद्धा भिजत गेल्या. मंगळवारी, ११ जुलैला संध्याकाळी मामा कामावरून आला आणि मामीला हळू आवाजात म्हणाला, “धरान खचलंय म्हनत्यात. मिल्ट्री गेलीया वर.” खरोखरच त्या रात्री जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली. मामीनं पहिला प्रश्न केला, “आन तायडी?” तायडी म्हणजे माझी आई. मामा म्हणाला, “ती वरच्या अंगालाय. तिकडं न्हाई जात पानी. फुटलं तर हिकडं येतं.”

पाणी फुटलं तर खाली येतं, आणि खाली म्हणजे आपण, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात धरण म्हणजे आमच्या गावावर येणारी वस्तू होती.

बुधवारी सकाळी सातच्या सुमाराला पानशेत फुटलं. पेठेत हे लगेच कळलं नाही. पोरं शाळेत गेली, माणसं कचेरीला गेली. मग कुणी म्हणे पोलिसांची गाडी नदीकाठाला भोंग्यावरून ओरडत फिरतेय, कुणी म्हणे अफवा आहे. आम्ही वाड्यातली तीन-चार पोरं लक्ष्मी रोडनं टिळक चौकात गेलो, ज्याला आता सगळे अलका टॉकीजचा चौक म्हणतात. तिथून लकडी पुलाकडं जत्रेसारखी गर्दी. लोक छत्र्या घेऊन पाणी बघायला आले होते. एकजण तर लहान मुलाला खांद्यावर घेऊन दाखवत होता.

मी पाणी बघितलं आणि मला त्याचा रंग ओळखू आला. मुठेचं पावसाळ्यातलं पाणी गढूळ असतं, पण ते काळपट. हे तांबडं होतं, आमच्या डोंगराच्या मातीचं. त्यात गवताच्या गंजी, झाडं, मेलेली गुरं. मी बाकीच्यांसारखा ओरडत नव्हतो. मी त्या लाकडांत आमची चौकट दिसते का बघत होतो. नाही दिसली. एक इरलं मात्र उलटं होऊन पाळण्यासारखं डुलत गेलं. शेजारचा मुलगा म्हणाला, “टोपली बघ केवढी!” मी त्याला इरलं म्हणजे काय ते सांगत बसलो नाही.

पोलिसांनी हुसकल्यावर आम्ही मागं पळालो. खडकवासल्याचं इंग्रजांच्या वेळचं दगडी धरण काही तास त्या लोंढ्याला तोंड देत उभं राहिलं. दुपारी तेही गेलं. मग लकडी पूल, नवा पूल, सगळं पाण्याखाली. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार, डेक्कन जिमखाना या भागांत घरंच्या घरं बसली. जुन्या वाड्यांच्या भिंती मातीच्या, त्या भिजल्या की विरघळतात. लांबून धूर निघाल्यासारखा दिसायचा. तो धूर नव्हे, वाडा बसल्याचा धुरळा असायचा. एवढ्या पाण्यात धुरळा कसा, याचं मला आजही नवल वाटतं.

सदाशिव पेठेचा आमचा भाग उंचावर. तिथं पाणी आलं नाही, माणसं आली. दुपारपासून बोचकी, ट्रंका, देव्हारे, म्हातारी माणसं पाठुंगळी घेऊन लोक वर येत राहिले. शाळा भरल्या, देवळं भरली, मग वाडे भरले. आमच्या वाड्याच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणायचे. सोवळं फार कडक. त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला माझा पाय लागला म्हणून मागं एकदा त्यांनी उंबरा धुवून घेतला होता. त्या दिवशी त्यांनी वाड्याचा दिंडीदरवाजा सोडून मोठा दरवाजा उघडला, लग्नाची भांडी काढली आणि पिठलं-भात रांधायला घेतला. कोण कुठल्या जातीचा ते विचारायला त्यांना वेळ झाला नाही, असं मी म्हणेन. मन बदललं की काय ते मला सांगता येत नाही. महिनाभरानं उंबरा पुन्हा तसाच धुतला जायला लागला. पण त्या चार दिवसांत त्या वाड्यात नव्वद माणसं जेवली, हेही मी बघितलेलं आहे.

नळाला पाणी नव्हतं. शहराचं पाणी खडकवासल्याचं, तेच वाहून गेलेलं. नदी उरावर बसलेली आणि प्यायला घोटभर नाही. लोक पेशव्यांच्या वेळच्या हौदांकडं, विहिरींकडं वळले. आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात एक आड होता. नळ आल्यापासून त्यावर फळ्या टाकून त्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली. कुंडी हलवली, फळ्या काढल्या, पण पोहरा सोडायचा कसा हे वाड्यात कुणाला नीट येईना. दोर ओला होऊन हातातून सुटायचा, पोहरा पालथाच पडायचा. मी आडावर उभा राहिलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी शेंदलं. तळहाताची सालटी निघाली. काकूंनी स्वतः हळद-तूप लावलं. त्या वाड्यात ‘मावळ्या, पाणी’ ही हाक त्या दिवसांत चिडवण्याची राहिली नव्हती.

रात्र अमावास्येची. दिवे गेलेले. इतका काळोख मी आमच्या गावात बघितला होता, शहरात नव्हता बघितला. काळोखात माणसं एकमेकांची नावं घेऊन हाका मारत फिरत होती. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘पळा, पाणी आलं’ म्हणून उठवलं आणि सगळी पेठ पर्वतीच्या दिशेला धावत सुटली. पाणी कुठंच नव्हतं. मीही धावलो. मामी वाटेत थांबून म्हणाली, “आरं, पर एकच धरान व्हतं ना रं? मग आता कुठनं येतंय?” तिच्याएवढा विचार त्या गर्दीत दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर मोठी माणसं बसली होती. एक वकीलकाका होते, वाचलेले, शांत, कुणाला दुखवून बोलणारे नव्हते. ज्या भाऊसाहेबांच्या नावानं ही पेठ वसली त्यांच्या पानिपताला त्याच साली दोनशे वर्षं झालेली, त्यामुळं बोलणं पानिपताशी तुलना करण्यापर्यंत गेलं होतं. किती घरं, किती माणसं, कोण जबाबदार. मी दाराशी पाण्याची घागर घेऊन उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, “आमचं गावपण तिथंच आहे, काका. काही कळलं नाही.” ते माझ्याकडं वळून मायेनं म्हणाले, “पण बाळ, तुमचं गाव तर धरणाच्या आतच होतं ना? ते तसंही बुडायचंच होतं. मग त्याचं काय जायचं?”

यात कुजकेपणा नव्हता. त्यांना खरोखर तसं वाटत होतं आणि हिशेबानं ते बरोबरही होतं. चौदा वर्षांच्या पोराला उत्तर सुचलं नाही. नंतरच्या पन्नास वर्षांत धरणाच्या कुठल्याही कागदावर, कुठल्याही कचेरीत, मला हाच प्रश्न वेगवेगळ्या भाषेत भेटला आहे. जे बुडणारच होतं, त्याचं काय गेलं?

पाचव्या दिवशी बा आला. सडका, पूल काही उरलं नव्हतं. डोंगराच्या कडेकडेनं, सिंहगडाच्या पायथ्याला वळसा घालून, वाटेत एक मुक्काम करून तो चालत आला. गुडघ्यापर्यंत चिखल वाळून पांढरा झालेला. काकूंनी त्याला चहा दिला तो त्यानं उभ्यानंच घेतला. मामानं विचारलं, “कसं काय दाजी?” बा म्हणाला, “पानी उतारलं. खाचरं वर आली.”

मग त्यानं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगू शकत नाही, त्याच्याएवढं कमी शब्दांत मला जमणार नाही. पाणी चढत होतं तेव्हा छपरातून रोज सकाळी उठून लोक बघायचे, आज कुणाचं बुडालं. खाली राहिलेली दोन-चार घरं रातोरात वर आली. आमच्या घराच्या सारवलेल्या भिंती एका दिवसात गेल्या. मग बुधवारी सकाळी खालच्या अंगाला तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, आणि एवढा तलाव, जो आता कायमचाच म्हणून लोकांनी त्याला नारळसुद्धा वाहिला होता, तो डोळ्यांदेखत उतरायला लागला. संध्याकाळपर्यंत जांभळीचा शेंडा दिसला. दुसऱ्या दिवशी बांध दिसले. सगळ्यावर वीत-दीड वीत गाळ. गावातल्या काही बायका रडल्या. पुण्यात काय झालं असेल हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. त्या कशाला रडल्या ते बालाही सांगता येईना. देवानं गाव परत दिलं असंही काहीजण म्हणाले. बा म्हणाला नाही. त्यानं रोपं बघितली. रोपं वरच्या अंगाला टाकलेली होती, ती शाबूत होती. लावणीचे दिवस होते.

म्हणजे असं झालं, की पुण्यात माणसं चिखलातून संसार उकरत होती त्याच आठवड्यात आमच्या गावात माणसं त्याच पुराच्या गाळात भात लावत होती. मामाच्या छापखान्यात खिळ्यांच्या पेट्या चिखलानं भरल्या होत्या; मी आठ दिवस बालदीत खिळे धूत होतो, उलटी अक्षरं ओळखून वेगवेगळी करत होतो. नंतर श्रावणात सुट्टी काढून गावाकडं गेलो तर खाचरं हिरवीगार. एवढा दणकट भात त्या जमिनीत कधी आला नव्हता. धरणाचा गाळ होता तो, माती सोन्यासारखी.

कापणीच्या तोंडावर एका सरकारी कचेरीतून माणूस आला. जमिनी सरकारजमा झालेल्या आहेत, मोबदला घेतलेला आहे, तेव्हा त्यात पीक घेणं हे अतिक्रमण आहे, दंड भरावा लागेल. बा त्याला म्हणाला, “सायेब, जमीन पान्यासाठी घेतली ना? मग पानी कुठंय?” तो माणूस हसला. वाईट नव्हता तो. पण पावती फाडलीच. आम्ही दंड भरला आणि भात कापला. आंबेमोहोर पुण्याला विकला. सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात काकूंकडं मी स्वतः पायली-पायली मोजून दिला. त्या साली धान्य महाग होतं. काकूंनी घासाघीस केली नाही.

धरण का फुटलं याची चौकशी झाली. आधी न्यायमूर्ती बावडेकरांकडं काम होतं. काम चालू असतानाच त्यांनी स्वतःचा जीव घेतला. मग न्यायमूर्ती नाईकांच्या आयोगानं ते पुरं केलं. इंजिनिअरांची भाषा मला येत नाही, पण गोष्ट शेतकऱ्याला समजण्यासारखी आहे. मातीच्या धरणाच्या पोटातून पाणी सोडायची मोरी होती. तिची दारं, ती उचलायची यंत्रं पुरी बसलेली नव्हती. काम घाईनं त्या साली पाणी अडवण्यापर्यंत आणलेलं. अर्धवट उघड्या दारातून पाणी जोरानं जायला लागलं, हादरे बसले, मोरीवरची माती खचली, धरणाचा माथा खाली बसला आणि पाणी त्याच्यावरून गेलं. मातीवरून एकदा पाणी गेलं की संपलंच. खाचराचा बांध असाच फुटतो, खेकड्याच्या बिळापासून. नवा बांध पहिल्या पावसाला तोंडोतोंड भरू देऊ नये, त्याला एक पावसाळा मुरू द्यावा, हे आमच्याकडं पोरालाही ठाऊक असतं. धरणावर माती टाकणारी आमचीच माणसं हे आपसांत बोलत होती. त्यांना विचारणार कोण?

पुणं मात्र झपाट्यानं उठलं, ते मान्य केलं पाहिजे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते, राज्य होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. त्यांनी स. गो. बर्वे यांच्याकडं पुनर्वसन सोपवलं. बर्वे आधी पुण्याचे आयुक्त होते, शहर त्यांना माहीत. लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या. अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत काही लोक बरेच दिवस राहिले, काहींच्या सोसायट्यांच्या जमिनीच्या मालकीचे वाद पुढं बरीच वर्षं मिटले नव्हते, तेव्हा त्यांचंही सगळं सुखाचं झालं असं नाही. लोकमान्यनगर आमच्या पेठेला लागूनच. मी शाळेत जाता-येता त्या इमारती उठताना बघत होतो. ‘पूरग्रस्त’ हा शब्द मी तिथं शिकलो. ‘धरणग्रस्त’ हा शब्द पुष्कळ वर्षांनी ऐकला. बुडालेली माणसं दोन्ही, पण एका शब्दाला घर आधी मिळालं.

माझ्या आज्याच्या पिढीला मुळशी आठवत होती. शेजारच्याच खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तेव्हा पुण्याच्या पेठांतले शिकलेले लोक मावळ्यांच्या बाजूनं उभे राहिले, तुरुंगात गेले. धरण झालंच, पण कुणीतरी ‘नको’ म्हटल्याची नोंद राहिली. मुळशीचं पाणी विजेसाठी मुंबईच्या बाजूला जायचं होतं. पानशेतचं पाणी पुण्याला यायचं होतं. त्या वेळी आमच्या बाजूनं पेठेतून कुणी उभं राहिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तहान आपली असली की सत्याग्रह अवघड होतो, हे मी रागानं म्हणत नाही. मीही पेठेत तेच पाणी पीत होतो. आणि २०११ साली, पुराच्या पन्नाशीचे लेख वाचून महिना झाला नाही तोवर, ९ ऑगस्टला मावळात पवना धरणाच्या पाइपलाइनवरून एक्स्प्रेस वेवर गोळीबार झाला. तीन शेतकरी गेले. पाणी पिंपरी-चिंचवडला न्यायचं होतं.

धरण पुन्हा बांधायला घेतलं. दोन-तीन साल आम्ही दंड भरत भात काढला, मग उठलो. दौंड तालुक्यात जमीन मिळाली. मी तेव्हा दहावी झालो होतो. मॅट्रिक अकरावीला असायची. बाला माणूस हवा होता, तेव्हा शाळा तिथं थांबली. काकूंनी निघताना नवा सदरा आणि एक जाडी कोरी वही दिली. त्या वहीत मी पहिल्यांदा पाऊस किती झाला ते लिहायला लागलो, तिथून हे लिहिण्याचं वेड.

दौंडाची जमीन काळी, सपाट. आम्ही पाण्यात उभं राहून शेती करणारी माणसं, आणि इथं पाऊस म्हणजे ढग बघायचे. बाजरी कशी खुरपायची हे आईनं शेजारणीकडून शिकून घेतलं. इथल्या लोकांना आमची बोली हसू यायची, आणि सरकारनं आमची जमीन काढून ह्यांना दिली म्हणून रागही होता. तो राग खोटा नव्हता. कुणाच्या तरी आठ एकरांतलीच आम्हाला चार दिलेली होती. आई शेवटपर्यंत तांदूळ विकत घेताना दुकानदाराशी भांडायची. ७२ च्या दुष्काळात बा खडी फोडायला गेला आणि त्याच साली तिकडं पानशेतचं धरण पुरं झालं. नंतर कालव्याला पाणी आलं, ऊस आला, आमचं बरं चाललं, खोटं कशाला बोलू. त्या पाण्यात आंबीचंही पाणी असतं. बा कालव्यावर बसून हातपाय धुताना कधीमधी म्हणायचा, “आपल्याच खाचरातनं आलंय हे.”

तो २००३ साली गेला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाची जागा उघडी पडते, तिथं त्याची रक्षा न्यावी असं आईचं म्हणणं होतं. आम्ही मे महिन्यात गेलो. बांध ओळखू येतात. जांभळीचं खोड काळं पडून दगडासारखं झालंय. घराची जागा पायऱ्यांच्या दोन दगडांवरून सापडली. मी बरोबर नेलेल्या थोरल्या पोराला दाखवलं. त्यानं मोबाइल वर करून रेंज येते का बघितलं.

सदाशिव पेठेतला तो वाडा पाडून तिथं पाच मजली इमारत झाली आहे. काकूंचा मुलगा आता सत्तरीचा. गेल्या साली त्यानं मला फोन केला होता. इमारतीतली मंडळी पुराची आठवण म्हणून काही छापणार होती. त्यानं विचारलं, “आपल्या वाड्यात तेव्हा किती लोक जेवले रे, तुला आठवतं? आणि आड नक्की कुठं होता?” मी सांगितलं, आत्ता जिथं तुमची लिफ्ट आहे, तिथं. मग मी म्हटलं, आमच्या गावाचंही दोन ओळी लिही. तो म्हणाला, “लिहून पाठव, मावळ्या.” मी लिहायला बसलो ते दोन ओळींत मावेना.

आमच्या दौंडाच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात अजून नोंद आहे, पुनर्वसनाची जमीन, परवानगीशिवाय हस्तांतरास बंदी. धाकट्या मुलीला त्यातला अर्धा एकर नावावर करून द्यायचाय. अर्ज दिलेला आहे. मागच्या खेपेला साहेबांनी मूळ गावाचा दाखला मागितला. गाव कुठल्या तलाठ्याच्या हद्दीत येतं, विचारलं. मी पानशेतच्या तलावाचं नाव सांगितलं, तर म्हणाले, तलावाला तलाठी नसतो, जुना उतारा शोधून आणा. सोमवारी वेल्ह्याला जायचं आहे. पहिली एस.टी. पहाटेची आहे.